बियाणे उगवले नाही, औषध लागू पडले नाही: खरेदीपासून भरपाईपर्यंत शेतकऱ्याने काय करावे

२०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी कृषी विभागाकडे आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. त्या वर्षी ज्यांचे शेत उगवले नाही त्यांपैकी अनेकांकडे पक्की पावती नव्हती, पिशवीवरचा टॅग फाटून गेला होता आणि पंचनामा होण्याआधीच दुबार पेरणी झाली होती. बियाणे आणि कीटकनाशके यांच्या गुणवत्तेसाठी आपल्याकडे कायदे पुष्कळ आहेत, मात्र ते शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर आणि नमुन्यावर चालतात. हे दोन्ही बहुतेक वेळा पेरणीच्या आठवड्यातच हातून निसटतात. म्हणून हा लेख तक्रारीपासून सुरू न करता खरेदीपासून सुरू करतो आहे.

कोणता कायदा कुठे लागतो

बियाण्यांसाठी बियाणे अधिनियम १९६६, बियाणे नियम १९६८ आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला बियाणे नियंत्रण आदेश १९८३ हे तीन मुख्य आधार आहेत. कापसासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्यात शेतकऱ्याला भरपाई देण्याची तरतूद आहे. कीटकनाशकांसाठी कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि कीटकनाशके नियम १९७१ लागू होतात, तर खते आणि २०२१ पासून जैव उत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देण्यासाठी विकली जाणारी द्रव्ये) ही खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत येतात.

इथे एक भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यावा, कारण तो न समजल्यामुळे शेतकऱ्यांची वर्षे वाया जातात. वरचे बहुतेक कायदे कंपनीला किंवा विक्रेत्याला शिक्षा करण्यासाठी आहेत. निरीक्षकाने घेतलेला नमुना अप्रमाणित निघाला, परवाना निलंबित झाला, न्यायालयात खटला उभा राहिला, तरी त्यातून शेतकऱ्याच्या खात्यात आपोआप एक रुपयाही येत नाही. शिवाय बियाणे अधिनियमातील पहिल्या गुन्ह्याची शिक्षा आजही कमाल पाचशे रुपये दंड एवढीच आहे. साठ वर्षांपूर्वीची ही रक्कम न बदलणे हा शेतकऱ्यावरचा उघड अन्याय आहे. नवा कायदा आणण्याचे प्रयत्न २००४ च्या विधेयकापासून चालू आहेत, तरी आज लढायचे ते आजच्या कायद्याने. भरपाईचा मार्ग वेगळा आहे आणि तो मुख्यतः ग्राहक आयोगातून जातो. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवता येतात आणि दोन्हींना लागणारा पुरावा बराचसा एकच असतो.

दुकानात काय पाहावे

बियाणे परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच घ्यावे. बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने साठा आणि दर यांचा फलक लावणे आणि प्रत्येक ग्राहकाला पावती देणे बंधनकारक आहे. रोखीने घेतले किंवा उधारीवर घेतले तरी पावती मिळालीच पाहिजे. पावतीवर पिकाचे व वाणाचे नाव, उत्पादक कंपनी, लॉट नंबर (बियाण्याच्या त्या खेपेचा क्रमांक), पिशव्यांची संख्या व वजन, वैधतेची अंतिम तारीख, किंमत, खरेदीची तारीख आणि विक्रेत्याची सही असावी. हंगामाच्या गर्दीत दुकानदार लॉट नंबर लिहायचे टाळतो, पण पुढच्या साऱ्या प्रकरणात हाच क्रमांक कळीचा ठरतो. तो नसेल तर शेतात पेरलेले बियाणे या कंपनीचे होते हे सिद्ध करण्यातच दमछाक होते.

त्यानंतर टॅग पाहावा. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा आणि सत्यप्रत बियाण्याचे लेबल फिकट हिरवे असते. प्रमाणित पिशवीवर उत्पादकाच्या लेबलासोबत प्रमाणीकरण यंत्रणेचा टॅग असतो. महाराष्ट्रात हे काम अकोल्याची महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. सत्यप्रत बियाण्याची हमी मात्र केवळ उत्पादकाची असते, म्हणजे त्या पिशवीमागे त्रयस्थ यंत्रणेची क्षेत्र तपासणी नसते. बाजारातील खाजगी कंपन्यांची बहुतेक संकरित बियाणी, बीटी कापूस धरून, याच वर्गातली असतात. सत्यप्रत म्हणजे हलके बियाणे असा अर्थ नाही, परंतु अशा वेळी लेबलावरील आकडे हेच कंपनीचे वचन असल्यामुळे ते लेबल जपणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

लेबलावर उगवणक्षमता, भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. किमान उगवणक्षमता सोयाबीन आणि भुईमुगासाठी ७० टक्के, तूर, मूग, उडीद, ज्वारी, बाजरी व संकरित कापसासाठी ७५ टक्के, भातासाठी ८० टक्के, तर गहू व हरभऱ्यासाठी ८५ टक्के ठरवलेली आहे. चाचणीपासून नऊ महिने बियाणे वैध धरले जाते आणि पुन्हा चाचणीत उत्तीर्ण झाल्यास सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. मुदतवाढीचे सोयाबीन असेल तर विशेष सावध राहावे, कारण त्याचे टरफल पातळ असते आणि हाताळणीत व साठवणुकीत त्याची उगवण इतर पिकांपेक्षा लवकर घटते. पिशवीवर क्यूआर कोड असेल तर तो मोबाइलवर स्कॅन करून पाहावा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ या संगणकीय प्रणालीतून बियाण्याचा उगम तपासण्याची सोय झाली आहे.

तणनाशक सहन करणाऱ्या कापूस बियाण्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. एचटीबीटी म्हणून जे विकले जाते त्याला देशात लागवडीची परवानगी नाही, त्यामुळे त्याची खरी पावती कोणी देऊच शकत नाही आणि ते फसले तर कोणत्याही दारात दाद मागता येत नाही. तणाच्या मजुरीचा ताण खरा आहे आणि म्हणूनच शेतकरी तिकडे वळतो, हे मला मान्य आहे. पण साध्या पाकिटात किंवा सुट्या स्वरूपात आलेल्या त्या बियाण्यात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते, आणि सारी जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या पदरात पडते.

घरची उगवण चाचणी

विकतचे असो वा घरचे, पेरणीच्या निदान दहा-बारा दिवस आधी बियाण्याची उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर सरसकट घेतलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत थोडे अंतर ठेवून मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट टाकून सैल गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. चांगले टपोरे दाणे निवडून चाचणी केली तर ती फसवी ठरते, म्हणून पिशवीच्या वेगवेगळ्या भागांतून मूठ-मूठ काढून त्यातले दाणे घ्यावेत. प्रयोगशाळेत चारशे दाण्यांवर चाचणी होते, त्यामुळे घरीही शंभराच्या किमान तीन गुंडाळ्या करून सरासरी काढणे योग्य. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या आणि शेवटची आठव्या दिवशी करावी. मोड, मूळ आणि दलपत्रे (दाण्यातून निघणारी पहिली दोन पाने) सुदृढ असलेली रोपेच मोजायची. कुजलेले, तुटक किंवा नुसते फुगलेले दाणे उगवले असे धरू नयेत.

घरचे सोयाबीन सत्तर टक्क्यांच्या थोडे खाली असेल तर बियाण्याचे प्रमाण वाढवून भागते. एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवणीसाठी धरतात. सरासरी ६४ आली तर तीसला सत्तरने गुणून चौसष्टने भागावे, म्हणजे सुमारे ३३ किलो लागतील. साठच्याही खाली असेल तर ते बियाणे म्हणून न वापरणेच बरे.

विकतच्या पिशवीची चाचणी सत्तरच्या खाली आली तर मात्र प्रमाण वाढवून पेरू नये. हीच वेळ कायद्याचा खरा उपयोग करून घेण्याची असते, कारण त्या लॉटच्या न उघडलेल्या पिशव्या अजून दुकानात असतात. पंचायत समितीचे कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी हे बियाणे निरीक्षकही असतात. त्यांना लेखी कळवून त्याच लॉटचा शासकीय नमुना काढण्याची मागणी करावी. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करतो, त्यातील एक विक्रेत्याकडे, एक प्रयोगशाळेकडे आणि एक राखीव राहतो. राज्याच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणी येथे आहेत. शेतकऱ्याने स्वतः फोडलेल्या पिशवीतला दाणा कंपनी सहज नाकारू शकते, तर सीलबंद साठ्यातून निरीक्षकाने काढलेला नमुना नाकारणे तिला अवघड जाते. लॉट संपला की ही संधी गेली. शेतकरी स्वतःही ठरलेले शुल्क भरून प्रयोगशाळेकडून बियाणे तपासून घेऊ शकतो. त्या अहवालावर खटला उभा राहत नसला तरी पेरायचे की नाही याचा निर्णय करायला तो पुरेसा असतो.

पेरणीच्या दिवशी

पिशवी टॅग असलेल्या बाजूने न उघडता खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे शिलाई, टॅग आणि लेबल अखंड राहतात. प्रत्येक लॉटच्या एका पिशवीत मूठभर बियाणे राखून ती काढणीपर्यंत कोरड्या जागी ठेवावी. पिशवी, टॅग, पावती आणि पेरणी यांचे तारीख दिसेल असे फोटो काढावेत. शेतात दोन लॉट पेरले असतील तर कोणत्या भागात कोणता लॉट गेला याची नोंद वहीत करावी.

पेरणी नियमाप्रमाणे झाली हे दाखवता येणेही तितकेच आवश्यक आहे. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन ते चार सेंटिमीटर खोलीवर पेरणी करावी, अशी शिफारस आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने दाणा खोल गेला किंवा पेरणीनंतर जमिनीवर पापुद्रा धरला तर उत्तम बियाणेही वर येत नाही, आणि तक्रारीनंतर कंपनीचा प्रतिनिधी सर्वांत आधी याच गोष्टींवर बोट ठेवतो. आपल्या महसूल मंडळातील पावसाची नोंद आणि पेरणीची तारीख जुळत असेल तर त्या आक्षेपातली हवा निघून जाते.

उगवले नाही तर

सोयाबीन साधारण आठवड्याभरात जमिनीवर यायला हवे. विरळ उगवण दिसताच त्या आठवड्यातच तक्रार करावी. अर्ज तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्या नावे दोन प्रतींत लिहावा, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पीक, वाण, लॉट नंबर, खरेदी व पेरणीच्या तारखा आणि नेमकी तक्रार नमूद करून पावती व टॅग यांच्या छायाप्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणालाही देऊ नये. पाहणीच्या दिवशी ते फक्त दाखवावेत. तक्रार दिली त्याच दिवशी विक्रेता आणि कंपनी या दोघांना पोचपावतीसह टपालाने लेखी कळवावे.

तक्रारीची पाहणी तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती करते. उपविभागीय कृषी अधिकारी हे तिचे अध्यक्ष असतात, आणि तालुका कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठ व महाबीज यांचे प्रतिनिधी आणि सदस्य सचिव म्हणून पंचायत समितीचे कृषी अधिकारी असतात. समिती शेतात आली की शेतकऱ्याने स्वतः हजर राहावे आणि पंचनाम्यात काय लिहिले जाते ते वाचून मगच सही करावी. प्रत्यक्ष मोजलेली रोपसंख्या आणि अपेक्षित रोपसंख्या, उगवणीची टक्केवारी, बाधित क्षेत्र, पेरणीची खोली, जमिनीतील ओल, शेजारच्या शेतातील दुसऱ्या लॉटची स्थिती आणि लॉट नंबर हे सारे त्यात आले पाहिजे. ‘उगवण कमी आढळली’ एवढ्या मोघम वाक्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही. दोष बियाण्याचा आहे की अन्य कारणांचा, याविषयी समितीने स्पष्ट निष्कर्ष लिहावा असा आग्रह धरण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे. कंपनी व विक्रेत्याला पाहणीची आगाऊ सूचना दिल्याचा उल्लेखही पाहून घ्यावा. तो नसेल तर अहवाल एकतर्फी असल्याचा मुद्दा कंपनी हमखास काढते.

दुबार पेरणीची घाई असते हे खरे, आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही. समिती येण्यास उशीर होत असेल तर तसे लेखी कळवून शेताचा एक भाग न मोडता तसाच ठेवावा आणि उरलेल्या भागाचे, शेजारची ओळखीची खूण दिसेल असे चित्रीकरण करून मग पेरणी करावी.

भेसळीची तक्रार वेगळ्या वेळी करावी लागते. झाडांची उंची, फुलांचा रंग किंवा फळांचा आकार यांतील फरक फुलोऱ्यात आणि फळधारणेत दिसतो, म्हणून पाहणी त्या अवस्थेतच आणि काढणीपूर्वी व्हायला हवी.

कीटकनाशकाच्या बाबतीत

औषधाच्या डब्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडील नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची व अंतिम तारीख, क्रियाशील घटकाचे प्रमाण, विषारीपणाचा त्रिकोण आणि विषबाधेवरील उपाय छापलेले असलेच पाहिजेत. त्रिकोण लाल असेल तर अति तीव्र विष, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा या क्रमाने विषारीपणा कमी होत जातो. सोबतच्या माहितीपत्रकात ते कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी मंजूर आहे हे दिलेले असते, ज्याला लेबल क्लेम म्हणतात. मंजुरीबाहेरच्या पिकावर औषध वापरले तर ते लागू न पडल्याची तक्रार टिकत नाही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास तर २००५ पासूनच बंदी आहे.

विक्रेत्याच्या परवान्यावर त्या कंपनीचे उगम प्रमाणपत्र (तिचा माल विकण्यासाठी कंपनीने दिलेले पत्र) नोंदलेले आहे का, हे विचारायला संकोच करू नये. सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘टॉनिक’ आणि ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत, ज्यांवर ना कीटकनाशक कायद्याची नोंदणी असते ना खत नियंत्रण आदेशाची. निंबोळीआधारित औषधे किंवा ट्रायकोडर्मा यांनाही कीटकनाशक म्हणून नोंदणी लागते. निसर्गातले आहे म्हणून नोंदणी नको, हे विक्रेत्याचे म्हणणे चुकीचे आहे.

कीड मेली नाही म्हणजे औषध बनावट, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसातील प्रथिनांनाच प्रतिकार मिळवला आहे आणि रसशोषक किडींतही अनेक औषधांना प्रतिकार आढळतो. कमी मात्रा, जड पाणी किंवा फवारणीनंतर लगेच आलेला पाऊस हीही कारणे असतात. हे वेगळे करता यावे म्हणून फवारताना पिकाच्या चार-पाच ओळी विनाफवारणी ठेवाव्यात. पीक करपले तर त्या ओळींशी तुलना करून दोष औषधाचा की अन्य कशाचा, हे समितीलाही चटकन दिसते. एकाच बॅचच्या दोन बाटल्या घेतल्या असतील तर संशय येताच दुसरी फोडू नये आणि निरीक्षकाला दुकानातील त्याच बॅचचा नमुना घेण्यास लेखी सांगावे. या नमुन्याचेही तीन भाग होतात आणि विश्लेषकाने तीस दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर ज्याच्यावर ठपका आला तो अठ्ठावीस दिवसांत आव्हान देऊ शकतो, आणि मग फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेचा अहवाल निर्णायक ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी येथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतरही शेतात औषधे एकमेकांत मिसळून, उघड्या अंगाने आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी चालूच आहे. मजुराला हातमोजे, मास्क व पूर्ण कपडे देणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे. मळमळ, घाम, अंधुक दिसणे किंवा लाळ गळणे सुरू होताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे, कारण उपचार कोणत्या घटकाची बाधा झाली यावर ठरतो.

भरपाईसाठी कुठे जावे

पंचनाम्याची प्रत हातात आली की कंपनी आणि विक्रेता या दोघांना नुकसानीचा आकडा देऊन नोटीस पाठवावी. अनेकदा कंपनी पिशवी बदलून देण्याची किंवा बियाण्याची किंमत परत करण्याची तयारी दाखवते. तो प्रस्ताव घ्यायचा असेल तर ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करण्यापूर्वी पूर्ण विचार करावा, कारण बियाण्याची किंमत ही झालेल्या नुकसानीचा अगदी छोटा भाग असते.

दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. शेतकरी हा ग्राहक नाही, आणि बियाण्याचा वेगळा कायदा असताना ग्राहक मंच चालणार नाही, हे दोन्ही आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात फेटाळले आहेत. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवले नाही एवढ्यावरून त्याचा दावा पडत नाही, हेही त्या निकालातून स्पष्ट झाले. तरीही वर सांगितलेली मूठभर बियाण्याची काळजी घ्यावीच, कारण ती असली तर वाद बराच लवकर मिटतो.

तक्रार शेतकरी राहतो त्या जिल्ह्यातच, नुकसानीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. बियाण्यासाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ऑनलाइनही तक्रार दाखल करता येते. अर्जासोबत पावती, टॅग, पंचनामा, नोटिशीच्या पोचपावत्या, पिकाची नोंद असलेला सातबारा आणि फोटो जोडावेत. नुकसानीचा हिशेब करताना मागील वर्षांचे एकरी उत्पन्न आणि बाजार समितीतील त्या काळातील दर यांचा आधार घ्यावा, त्यातून वाचलेला काढणी-मळणीचा खर्च वजा करावा आणि बियाणे, मशागत, मजुरी व दुबार पेरणी यांचा खर्च वेगळा दाखवावा. फुगवलेला आकडा आयोगापुढे सगळ्या दाव्याचीच विश्वासार्हता घालवतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले शेतकरी यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

वाणाने कंपनीने सांगितल्याप्रमाणे कामगिरी केली नाही तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ च्या कलम ३९ नुसारही भरपाई मागता येते, मात्र ते वाण त्या कायद्याखाली नोंदलेले असावे लागते. जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला तर पंचेचाळीस दिवसांच्या आत राज्य आयोगाकडे अपील करावे. कंपनीला अपील करायचे असेल तर तिला आदेशातील रकमेची निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते.